जुनी माझदा एमएक्स-5: पारखून घेण्यापासून घरी चालवत आणण्यापर्यंत

ब्रिटनमध्ये जुनी, दोन आसनांची, टप उघडणारी गाडी शोधायला निघालं की बहुतेकांचा शोध माझदा एमएक्स-5 पाशी येतो. ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली ती फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन जेमतेम टनभर. पहिल्या पिढीचे हेडलाइट वर उचलले जातात. ती 1997 पर्यंत बनली. दुसरीचे दिवे स्थिर आहेत. ती 1998 ते 2005 ची. हा लेख या दोन पिढ्यांचा आहे आणि तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहिला आहे. पुढेमागे ही गाडी भारतात न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या. वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी भारताची अट आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: या गाडीत इंजिन नव्हे, पत्रा विकत घ्यायचा असतो. इंजिन दणकट आहे, बिघडलंच तर दुसरं मिळतं आणि साध्या गॅरेजमध्येही बसवता येतं. सडलेल्या सिलचं, म्हणजे दाराखालच्या पट्ट्याचं, आणि चेसीचं वेल्डिंग मात्र बघता बघता गाडीच्या किमतीच्या पुढे जातं. बॉनेट उघडून चकचकीत इंजिन दाखवणाऱ्या विक्रेत्याचं ऐकून घ्या, पण आधी गुडघ्यावर बसून गाडीखाली टॉर्च मारा.

जाण्याआधी, घरी बसून

जाहिरातीत गाडीचा नंबर दिसतोच. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, 2005 पासूनचा इतिहास फुकट दिसतो. पास की नापास एवढं बघून थांबू नका, खालच्या सूचना वर्षावार वाचा. तीन वर्षं ओळीने ‘मागच्या सिलला गंज’ असं लिहिलेलं असेल आणि चौथ्या वर्षी ती सूचना गायब झाली असेल, तर वेल्डिंगची पावती मागा. पावती नसेल तर गंज कुठे गेलेला नाही; त्यावर पुटी भरून काळा रंग मारला आहे, असंच धरून चाला.

मैलांचा आकडाही दरवर्षी वाढतोय ना, ते पाहा. मध्येच तो विचित्र उडी मारताना दिसला तर लगेच फसवणूक समजू नका. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांवर ‘युनोस रोडस्टर’ असं नाव असतं. त्यांचे मीटर किलोमीटरमध्ये असतात, आणि आयातीनंतर मैलांत बदलताना नोंदींचा गोंधळ झालेला असतो. अशा गाड्यांनी जपानमध्ये बऱ्याचदा मीठ टाकलेले रस्ते कमी पाहिलेले असतात, त्यामुळे पत्र्याच्या बाबतीत त्या चांगल्या निघू शकतात. अर्थात त्यांनाही ब्रिटनमध्ये येऊन आता वीस-पंचवीस हिवाळे झालेत.

थोडे पौंड खर्चून गाडीचा आर्थिक इतिहास तपासून घ्या: कर्ज बाकी आहे का, चोरीची नोंद आहे का, विमा कंपनीने कधी मोडीत काढली होती का. ऑक्टोबर 2017 नंतरच्या नोंदीत एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेला आणि एन म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान. त्याआधीच्या नोंदीत सी आणि डी ही अक्षरं दिसतील. एन असलेली गाडी कमी भावात घ्यायला हरकत नाही. एस असलेली या वयात घेऊ नका.

लंडनकरांनी आणखी एक तपासणी करायची आहे. ऑगस्ट 2023 पासून यूलेझ म्हणजे कमी उत्सर्जनाचा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये लागू आहे. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो सगळं त्यात येतं. गाडी निकषात बसत नसेल तर चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड. पेट्रोल गाड्यांची सर्वसाधारण रेषा 2006 च्या आसपास आहे, म्हणजे या दोन्ही पिढ्या त्याआधीच्या, निकषाबाहेरच्या बाजूला पडतात. तरीही काही गाड्या कागदोपत्री पात्र ठरतात, म्हणून नेमका नंबर टाकूनच खात्री करा. स्लाव, रेडिंग किंवा मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना रोजचा प्रश्न येत नाही, मात्र गाडी घरी आणायचा रस्ता लंडनमधून जातो का, ते बघून ठेवा.

पत्रा

दिवसा उजेडी जा, पाऊस नसताना जा. ओल्या रंगावर डाग आणि लाटा दिसत नाहीत. टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक, जुनी चटई आणि हातमोजे बरोबर न्या.

पहिली जागा मागचा सिल, म्हणजे दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे येणारा खालचा पट्टा. तो सडतो तो बाहेरून नव्हे, आतून. टपावर पडलेलं पाणी सीटमागच्या पन्हाळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकाच्या पुढे खाली गळतं. पानं आणि माती साचून नळी तुंबली की पाणी गाडीच्या आत किंवा सिलच्या पोकळीत उतरतं आणि तिथेच राहतं. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतले थर संपलेले असतात. सिलवर कंपनीचाच खरबरीत थर असतो, त्यामुळे नुसत्या खरबरीतपणाने घाबरू नका. खालच्या कडेची दोन पत्र्यांची जोड बोटाने चाचपा. मूळ जोड धारदार आणि सरळ लागते. ती जाड, गोलसर किंवा नाहीशी झालेली लागली तर वर काहीतरी थापलेलं आहे. चुंबक पुढच्या सिलला धरून हळूहळू मागे सरकवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुटी आहे.

मग मागच्या चाकावरची कमान. आतल्या कडेवरून बोट फिरवा, हाताला पापुद्रे लागतात का बघा.

दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा आहे, आणि लोक नेमकी तीच चुकवतात: पुढच्या चेसीचे दोन रेल, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी जाणारे पोकळ दांडे. इथे मजबुतीसाठी पत्र्याचे थर एकावर एक आहेत. त्यांच्यामध्ये पाणी आणि मीठ अडकतं आणि रेल आतून फुलतो. खालून प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे उभ्या माणसाला काहीही दिसत नाही. पुढचं चाक पूर्ण वळवा, चाकामागून टॉर्च आत मारा आणि रेलची खालची बाजू पाहा. फुगीरपणा, भेगा किंवा ताजं चकचकीत काळं डांबरी लेपन दिसलं तर गाडी लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. जवळच्या एमओटी गॅरेजला थोडे पैसे दिले तर ते दहा मिनिटं लिफ्ट देतात. विक्रेता याला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालं असं समजून परत या. सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या जोडांजवळचा गंज तपासणीत थेट नापास होतो.

डिकीतला गालिचा उचला. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि तिला बाहेर जाणाऱ्या श्वासनळ्या जोडाव्या लागतात. कुणी स्वस्तातली साधी बॅटरी नळ्यांशिवाय बसवली असेल तर आम्लाच्या वाफेने आजूबाजूचा पत्रा खाल्लेला दिसेल. सीटमागचा गालिचाही दाबून पाहा. तो ओला असेल तर वर सांगितलेल्या नळ्या तुंबल्या आहेत, आणि सिलकडे पुन्हा एकदा जायला हवं.

टप स्वतः उघडून आणि बंद करून बघा. पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लास्टिकची आहे. टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडावी लागते, नाहीतर घडीवर तडा जातो. दुसऱ्या पिढीत खिडकी काचेची आहे. टपाला चिरा असतील तर नवीन टप आणि मजुरी मिळून काहीशे पौंड किमतीतून वजा करा.

इंजिन आणि बाकीचं

इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर थंडीतली सुरुवात कशी होते हे तुम्हाला दिसू नये, अशी कुणाची तरी इच्छा आहे.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी किंवा हिरवट झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय आणि ते प्रवासातच फुटेल. कूलंटमध्ये गंजाचा गाळ नको, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नको. इंजिनच्या मागच्या टोकाला ऑइल गळत असेल तर विक्रेता घाबरून मोठं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेल्याचं सांगेल. पहिल्या पिढीत ते बहुतेक वेळा वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा मागच्या कॅम सेन्सरची रबरी रिंग असते, दोन्ही स्वस्त.

1989 ते 1991 च्या सुमाराच्या 1.6 इंजिनात क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं, आणि पुलीची चावी बसते ती खाच झिजते. ओळखायचं कसं? खालच्या पुलीवर चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर सुधारलेलं. इंजिन चालू असताना पुली डगमगताना दिसली तर ती गाडी सोडा.

सुरू केल्यावर पहिल्या पिढीत टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा, टिकटिक आवाज येतो. गरम झाल्यावर तो थांबला तर काळजी नाही. ऑइल वेळेवर बदललं नसल्याची ती खूण आहे. टायमिंग बेल्ट 60,000 मैलांवर बदलायचा असतो, आणि कमी चाललेल्या गाडीत वयाकडे पाहून. जुन्या इंजिनांत बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. 2001 नंतरच्या 1.8 इंजिनाच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही, असा हिशेब करून भाव करा.

चालवताना रेडिओ बंद ठेवा. गाडी थंड असताना दुसरा गिअर जड पडतो. दहा-पंधरा मिनिटांत सुटला तर ठीक, गरम झाल्यावरही करकरला तर गिअरबॉक्सचा खर्च आहे. मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये इंजिनचे मिनिटाला 2,000 च्या आसपास फेरे असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. गाडी मिसिंग मारली तर आधी प्लगच्या वायरी, मग कॉइल. क्लच पेडल मऊ असेल किंवा गिअर पडताना अडत असेल तर गिअरबॉक्सवरचा लहान क्लच सिलेंडर गळतोय. भाग स्वस्त आहे, पण रस्त्यात गेला तर गाडी तिथेच उभी. हँडब्रेक चढावर धरतो का पाहा. मागच्या कॅलिपरमागे, म्हणजे ब्रेकच्या पकडीमागे, एक बोल्ट काढला की आत 4 मिमीच्या ॲलन पान्याने समायोजन होतं, त्यामुळे सैल हँडब्रेक ही मोठी गोष्ट नाही. जाम झालेला कॅलिपर मात्र आहे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कायद्याने 1.6 मिमी नक्षी पुरते, पण दहा वर्षांचं कडक झालेलं रबर भरपूर नक्षी असूनही पावसात धरत नाही. मागची चाकं ओढणाऱ्या आणि बहुधा कोणतीच इलेक्ट्रॉनिक मदत नसलेल्या गाडीत ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. मागचे टायर जुने असतील आणि पाऊस असेल तर त्या दिवशी गाडी आणू नका.

कागद, पैसे, विमा

सौदा विक्रेत्याच्या घरी करा. नोंदणीचं पुस्तक, म्हणजे व्ही5सी, हातात घ्या. त्यावरचा पत्ता तोच आहे का, चेसी नंबर इंजिनमागच्या भिंतीवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, हे पाहा. हे पुस्तक मालकीचा पुरावा नाही. म्हणून तारीख, रक्कम, मैल आणि दोघांच्या सह्या असलेली पावती वेगळी करून घ्या. पैसे बँकेतून समोरासमोर पाठवा. सगळ्या चाव्या, अलार्मचा रिमोट आणि चाकाच्या कुलूपनटाची चावी घेतल्याशिवाय निघू नका. यातली शेवटची हमखास विसरते, आणि पंक्चर झाल्यावरच आठवते.

विक्रेत्याने मालकीबदल तिथेच ऑनलाइन करायचा आणि पुस्तकातला नव्या मालकाचा हिरवा तुकडा तुम्हाला द्यायचा. ऑक्टोबर 2014 पासून रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. तो जुन्या मालकाला परत जातो. त्या तुकड्यावरचा क्रमांक टाकून निघण्याआधी फोनवरून टॅक्स भरा. 1 मार्च 2001 आधी नोंदलेल्या गाड्यांचा दर इंजिनावर ठरतो आणि सीमा 1,549 सीसी आहे. एमएक्स-5 चं 1.6 इंजिन 1,597 सीसीचं, म्हणजे वरचाच दर. 1.6 घेऊन टॅक्स वाचेल, असं समजू नका.

विमा पहिल्या मिनिटापासून हवा. आपल्या दुसऱ्या गाडीच्या विम्यावर ही चालेल, असं गृहीत धरू नका. नोंदणी क्रमांक देऊन एका दिवसाचा तात्पुरता विमा मिळतो. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिनेच चालवता येतं, आणि बऱ्याच तात्पुरत्या विमा कंपन्या तो परवाना घेत नाहीत. तेव्हा हे आदल्या आठवड्यात पक्कं करा. विम्याशिवाय पकडलं तर 300 पौंड, परवान्यावर सहा गुण, आणि गाडी जप्त होऊ शकते. एमओटी संपलेली गाडी फक्त आधी वेळ घेतलेल्या तपासणीलाच चालवत नेता येते. तशी गाडी असेल तर ट्रेलरवर आणा.

ब्रेकडाउनची सदस्यता आधीच घ्या. काही योजना पहिले 24 तास लागू होत नाहीत. गाडी थेट घरापर्यंत उचलून आणण्याची सोय त्यात आहे ना, तेही पाहा.

घरी आणताना

बरोबर ठेवा: 1 लिटर इंजिन ऑइल, 2 लिटर पाणी, डॉट 4 ब्रेक ऑइलची लहान बाटली, हवेचा मीटर, फ्यूज, केबल टाय, बॅटरीला धक्का देणारा पॅक, फोनचा चार्जर. निघण्याआधी सपाट जागेवर ऑइल, कूलंट, ब्रेक आणि क्लचच्या डब्या बघा. टायरची हवा दारावरच्या पाटीप्रमाणे भरा. 14 इंची चाकांना ती 26 पीएसआय असते; सवयीने 32 भरली तर गाडी रस्त्यावर उड्या मारते. चाकाचे नट 100 ते 110 न्यूटन-मीटरला कसा.

ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 आहे. जुन्या मॉडेलला ते चालतं का, हे सरकारी पानावर बघता येतं. शंका असेल तर पंपावरचं महाग सुपर, म्हणजे ई5, भरा.

लगेच मोटरवेवर चढू नका. पहिले दहा मैल पंप आणि वस्ती असलेल्या साध्या रस्त्याने काढा आणि थांबा. खाली काही टपकतंय का, वास कसला येतोय, ते बघा. हाताचा मागचा भाग प्रत्येक चाकाजवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर त्याचा ब्रेक जाम आहे. तसं पुढे जाऊ नका. सगळं ठीक असेल तर पुढचा थांबा तीस-चाळीस मैलांवर, आणि तिथे पाच मिनिटं थांबून ऑइल पुन्हा मोजा. 70 मैलांच्या वेगाला पाच गिअरच्या गाडीत फेरे 3,500 च्या पुढे जातात. आवाज मोठा वाटेल, पण गाडी अशीच आहे.

तीन इशारे ओळखा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर हीटर आणि पंखा पूर्ण चालू करा, सुरक्षित जागी थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. क्लच पेडल खाली बसलं तर भराभर पंप करून गिअर टाका आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून क्लचच्या डबीत ब्रेक ऑइल भरा. बॅटरीचा दिवा लागला तर ‘घरापर्यंत पुरेल’ असा विचार करू नका. जो पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो तोच वॉटर पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर इंजिन काही मिनिटांतच तापून हेड वाकेल. लगेच थांबा.

मोटरवेवर बंद पडलात तर डाव्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे जा आणि मदत मागवा. तिथे त्रिकोण लावायचा नसतो.

पहिले पंधरा दिवस

आधी ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि फिल्टर. इंजिनात साधारण साडेतीन ते चार लिटर जातं. मग कूलंट, सुमारे 6 लिटर, निम्मं पाणी. गिअरबॉक्सला 75डब्ल्यू-90 जीएल-4 प्रतीचं 2 लिटर. दुसऱ्या गिअरची अर्धी तक्रार इथेच मिटते. टायमिंग बेल्टची पावती नसेल तर वॉटर पंपही त्याच वेळी बदला, कारण मजुरी एकदाच लागते.

चाकांचं अलाइनमेंट करायचं असेल तर आधी सस्पेन्शनचे समायोजनाचे बोल्ट फिरतात का, हे गॅरेजला विचारा. ते बुशमध्ये गंजून चिकटलेले असतात आणि कापून काढावे लागतात. काम निघाल्यावर हे कळलं की बिल दुप्पट होतं.

आणि टपाच्या नळ्या. सीटमागच्या भोकातून जाड नायलॉनची दोरी हळूहळू खाली सोडा. लोखंडी सळई घालू नका, आतली नळी फाटते. मग अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. मागच्या चाकाच्या पुढे ते स्वच्छ धारेने खाली पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंना. सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारायचा तो यानंतरच, आणि सिल आतून पूर्ण सुकल्यावर. ओल्या पत्र्यावर मेण बसवलं तर पाणी आतच कोंडलं जातं. हे काम उन्हाळ्यात उरका. ऑक्टोबरनंतर रस्त्यांवर मीठ पडायला लागतं.